लांबचं दिसणारा कॅमेरा

घरतभाऊ पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला ते कुठल्यातरी खात्याचे तपासणीवाले वाटले. दुसऱ्यांदा आले तेव्हा वाटलं, बाजारपेठेतल्या दुसऱ्या स्टुडिओवाल्यानं भाव काढायला पाठवलेला माणूस. आणि तिसऱ्यांदा आले तेव्हा मनात जे आलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पन्नाशीच्या पुढचा गडी, अंगात धाटावच्या कंपनीचा निळा युनिफॉर्म, काखेत हेल्मेट (ते गाडीला लावून ठेवायचे नाहीत, चोरतात म्हणून), आणि विचारणं काय, तर,

"ताई, लांबचं दिसनारा कॅमेरा हाय का? लांब म्हंजे, समोरच्याला कळता कामा नये इतका लांब."

आता तुम्हीच सांगा, एकट्या बाईनं दुकान चालवायचं आणि असं गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तर तिनं काय समजायचं?

रोह्यातला हा स्टुडिओ माझ्या वडिलांचा. ते गेल्यावर मी चालवते. पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रं, साखरपुडे, बारशी. त्याच्या जोडीला जुने कॅमेरे घेते आणि विकते, कारण मोबाइल आल्यापासून नवा कॅमेरा घ्यायला कुणी येत नाही. कुंडलिकेच्या काठावर पक्ष्यांचे फोटो काढणारी चार-दोन हौशी मंडळी सोडली, तर हे जुने कॅमेरे कपाटात बसून माझ्याकडे बघत असतात. तेव्हा गिऱ्हाईक हातचं घालवणं मला परवडत नव्हतं. पण शेजारी कपडे शिवणारे उस्मानचाचा मशीन थांबवून मुद्दाम आत आले आणि हळूच म्हणाले, "बेटी, ये आदमी बराबर नाय लगता. जरा संभालके." झालं. माझं डोकं फिरलं. चौथ्या खेपेला भाऊ आले तशी मी काउंटरवर हात आपटून विचारलं, "काका, एकदाच काय ते खरं सांगा. कुणाचे फोटो काढायचेत तुम्हाला?"

त्यांनी दाराकडे बघितलं. मग उस्मानचाचांच्या बाजूच्या भिंतीकडे बघितलं. मग काउंटरवर वाकून, देवघरात नवस बोलावा तशा आवाजात म्हणाले,

"पानमांजर."

मला वाटलं, माणसाला खरंच काहीतरी झालंय. पण एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. वडखळच्या पुढं खाडीकडे त्यांचं गाव. नाव मी सांगणार नाही, ते का, हे पुढं कळेल. गावाच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा बांध, त्याला हे लोक बाहेरकाठा म्हणतात. काठ्यात एका ठिकाणी लाकडी दारं आहेत, ती उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद करायची. एका सकाळी पहिल्या शिफ्टला निघताना भाऊ उघाडी बघायला गेले, तर दगडावर एक जनावर बसून मासा खात होतं. ओल्या कुत्र्यासारखं अंग, चपटं डोकं, मिशा. त्यानं भाऊंकडे बघितलं, मासा तोंडात धरला आणि आवाज न करता पाण्यात गेलं. म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं, पण गावात कित्येक वर्षांत कुणी बघितलेलं नाही, ते पाणमांजर.

भाऊंनी गावात सांगितलं आणि गाव हसलं.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गावानं ऐकूनही घेतलं असतं. पण भाऊंनी जन्मभर दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवलेला नव्हता. कुणी म्हणालं पेणच्या बाजारात भाव चढला, की हे विचारणार, "तू सोता बगितलास का?" कुणी म्हणालं रात्री काठ्यावर कोल्हा होता, की हे सकाळी पावलं शोधायला हजर. आता यांचीच पाळी आली होती. काठ्यावर ज्याचं शेत यांच्या शेताला लागून, तो पांडू म्हात्रे भर नाक्यावर म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं तुमी ठसे मागताव. आता तुमचं ठसं दाखवा." तेव्हापासून चहाच्या टपरीवर गेलं की कुणीतरी विचारायचंच, "काय भाऊ, मांजर आली का?"

"ताई, मी दोनेक वर्षांत रिटायर व्हनार," भाऊ म्हणाले. "पस्तीस वर्षं कंपनीत काढली. आता गावातच जाऊन बसायचं हाय. खोटारडा म्हनून बसू काय? मना एक फोटो पायजे. एकच."

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमी कोनाला सांगनार नाय ना?" आणि मी नाही म्हटल्यावर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी आत्ताच उस्मानचाचांना हाक मारणार आहे. (ते गेल्यावर मारली, ती गोष्ट वेगळी.)

संशय हा त्या माणसाचा धंदाच होता, हे मला हळूहळू कळलं. कंपनीत ते गेज बसवणारे फिटर. पाइपात वाफ किती, दाब किती, हे दाखवणारं घड्याळासारखं यंत्र असतं, ते. "गेज लय खोटं बोलतं," ते सांगायचे. "आत भडका उडायला आलेला असतो आनि काटा आरामात मधी बसलेला. मी एका काट्यावर कवाच भरवसा ठेवला नाय. दुसरं गेज लावायचं." घरी दोन घड्याळं, गाडीच्या दोन चाव्या, आणि बायकोनं मीठ घातलं म्हटलं तरी एक चिमूट जिभेवर. माझ्याकडचा चहासुद्धा तसा प्यायचे नाहीत. मी दोन कप ठेवले की माझ्यासमोरचा उचलायचे. एकदा मी मुद्दाम त्यांच्यासमोर फुटक्या कानाचा कप ठेवला, माझ्यासमोर चांगला. बराच वेळ दोन्ही कपांकडे बघत बसले, आणि शेवटी चहा नको म्हणाले!

आणि अशा माणसाला मी कॅमेरा विकायला निघाले होते. पंचवीस हजारांच्या वर जायचं नाही, नवा परवडत नाही, जुन्यावर विश्वास नाही. मी जो पुढं करीन तो खपत नसलेला. मी जो दाखवणार नाही तो मी कुणासाठी तरी राखून ठेवलेला. स्वस्त सांगितलं की "यात काय खोट हाय?" आणि महाग सांगितलं की "मी कंपनीवाला म्हनून?" मोबाइलवर कॅमेऱ्यांची परीक्षा करणारे लोक बघायचे आणि मला येऊन सांगायचे, "हे सगळं कंपनीचं खाऊन बोलतात." मी विचारलं, मग बघता कशाला? तर म्हणे, "कोन काय लपवतो ते बगायला." त्यात मात्र तथ्य होतं. झूम इतके पट आणि तितके पट असं जे डब्यावर मोठ्या अक्षरात छापतात, त्यातलं निम्मं नुसतं चित्र ताणून मोठं केलेलं असतं, ते त्यांनी माझ्याआधी हुडकून काढलं. पेनानं लिहून आणलं होतं, भिंगानं किती आणि ताणून किती.

एके दिवशी मी त्यांच्यासाठी म्हणून एक चांगला जोड बाजूला ठेवला. जुना पण नीट वापरलेला मोठा कॅमेरा, त्याला लांबची लेन्स. पुण्याच्या एका माणसाकडून घेतला होता. घरतभाऊंनी लेन्स हातात घेतली, आधी नाकाशी नेली आणि वास घेतला. मला हसूच फुटलं. मग खिशातून पेनाएवढी टॉर्च काढून मागच्या बाजूनं लावली आणि पुढून एका डोळ्यानं आत बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "बगा."

आतल्या काचेवर कोपऱ्यातून कोळिष्टकासारख्या बारीक तारा पसरल्या होत्या. बुरशी. ती एकदा धरली की फोटो धुरकट येतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती वाढतच जाते. मी वीस वर्षं या धंद्यात, आणि मला दिसली नव्हती. मान खाली गेली, आणि तरी रागही आला, कारण आता हा माणूस मला सगळ्या बाजारात फसवी म्हणून सांगत फिरणार! मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमी फसवत नाय ताई. तुमाला फसवलंय. पावसाळ्यात आमच्या गेजच्या काचेत असंच जाळं धरतं." आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी त्यांच्यासमोर ठेवलेला चहा घेतला.

तिथून पुढं मी त्यांना दोन-दोन कॅमेरे घरी न्यायला द्यायला लागले. ट्रायलवर. उस्मानचाचा म्हणाले, गया समझो. पण ठरल्या दिवशी ठरल्या वेळी दोन्ही परत यायचे, पुसून, फडक्यात बांधून, आणि वर माझ्याच फडक्यावर डाग होता अशी तक्रार.

जोह्याचं प्रकरण त्याच दिवसांतलं. एका दुपारी फोन आला. "तुमचा माणूस आमच्याकडं पकडून ठेवलाय. कॅमेऱ्यावर तुमच्या दुकानाचं स्टिकर हाय." जोह्याला घरोघरी गणपतीचे कारखाने. यंदाचे नवे साचे बाहेर दिसू नयेत म्हणून ते लोक किती जपतात ते पेणच्या बाजूचं कुणीही सांगेल. एखादी बसण्याची ढब नवीन काढली आणि तिचा फोटो बाहेर गेला, की महिनाभरात दहा कारखान्यांत तीच मूर्ती. आणि आमचे भाऊ शिरले होते तिथं लांबचं दिसणारे दोन कॅमेरे घेऊन, समोरच्याच्या पडवीत, खांबाआड!

दुकान बंद करून, एसटीनं पेण गाठून, तिथून जोह्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्याची भट्टी झाली होती. बघते तर भाऊ एका स्टुलावर, समोर तीन कारागीर हात बांधून उभे, आणि कारखान्याचे मालक दोन्ही कॅमेरे छातीशी धरून. मी फोटो उघडून दाखवले. सत्तर-ऐंशी फोटो. सगळे एकाच मूर्तीच्या एकाच डोळ्याचे. डावा डोळा, डावा डोळा, डावा डोळा. मूर्ती नाही, साचा नाही, सोंडसुद्धा नाही.

"ह्यो काय प्रकार?" मालक म्हणाले.

"आखनी बगत व्हतो," भाऊ म्हणाले. "डोळ्याची रेघ केसायेवढी बारीक. आनि देव हलत नाय. लांबून कोनता कॅमेरा ती रेघ फुटू देत नाय ते बगायचं व्हतं. माझी बहीन समोरच राहते, तिच्या पडवीतनं काढले."

"मग सरळ येऊन विचारायचं!"

"विचारलं असतं तर तुमी दिलं असतं का काढायला?"

मालकांनी दोन्ही कॅमेरे परत दिले, पण फोटो सगळे स्वतःच्या हातानं पुसले, आणि आम्ही बस थांब्यापर्यंत जाईस्तोवर एक कारागीर आमच्या मागं-मागं चालत आला. मी वाटेत भाऊंना इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी मलाच धाप लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यो डाव्या हातातला चांगला हाय."

तो डाव्या हातातला म्हणजे माझ्या कपाटातला सगळ्यात कुरूप कॅमेरा. एकाच अंगाचा, लेन्स न निघणारा, एका बाजूला घासलेला. फोटो तसा सुंदर यायचा नाही. उजेड कमी झाला की चित्रावर वाळू पसरल्यासारखे दाणे यायचे. मी सांगितलं, यापेक्षा मोठा कॅमेरा घ्या, छोटी लेन्स का असेना, फोटो देखणा येईल. ते म्हणाले, "देखना कोनाला पायजे? मिशा दिसल्या पायजेत. मिशा दिसल्या तर पानमांजर, नाय तर कुत्रा नाय तर मुंगूस." मोठ्या कॅमेऱ्यानं जनावर ठिपक्याएवढं दिसणार, यानं त्याचं तोंड भरून येणार. लेन्स निघत नाही म्हणजे खारी हवा आत शिरणार नाही. शिवाय हा जेवणाच्या पिशवीत मावतो. "काठ्यावर मोठा कॅमेरा आनि तिकाटनं घेऊन उभा राहिलो, तर गाव म्हननार जमीन मोजायला आलाय. घरतानं जमीन विकली म्हननार. लोकं लय संशयी हायत ओ आमच्याकडली!"

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. मला हसू आवरेना, आणि मी का हसते ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. जनावरांचे फोटो काढायला स्वस्तातला कॅमेरा कुठला घ्यावा, असं मला आता कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुम्हाला फोटोत नेमकं काय दिसायला हवंय? ही अक्कल मला वीस वर्षांच्या धंद्यानं दिली नाही, घरतभाऊंनी दिली.

कॅमेरा घेतल्यावरही ते यायचेच. गवतामागचं जनावर धरताना कॅमेरा पुढचं गवतच धरतो, ही त्यांची तक्रार. मी त्यांना मधला एकच ठिपका लावून फोकस धरायला शिकवलं, श्वास सोडून बटण दाबायला शिकवलं. शिफ्टच्या आधी, सुट्टीच्या दिवशी, ओहोटीची वेळ बघून ते काठ्यावर जाऊन बसायचे. बगळे आणायचे, खंड्या आणायचे, चिखलावरचे खेकडे आणायचे. पाणमांजर नाही. पावसाळा गेला, थंडी आली. टपरीवरची चौकशी चालूच होती. भाऊ थोडे वाळले. एकदा मला म्हणाले, "ताई, मना खरंच दिसलं व्हतं ना?" मी काय सांगणार? मीच तोवर मनात दहादा म्हटलं होतं की कुत्राच असेल. ते मी बोलले नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. त्या दिवशी ते लवकर उठून गेले.

आणि मग एका शुक्रवारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, हेल्मेट गाडीलाच लावून घरतभाऊ दुकानात आले. हेल्मेट गाडीला! माझ्या लगेच लक्षात आलं. त्यांनी दार लावून घेतलं, कॅमेरा माझ्यासमोर ठेवला आणि नुसतं बोट दाखवलं.

दगडावर पाणमांजर. तोंडात आडवा मासा, मिशांवर पाण्याचे थेंब, एकेक मिशी मोजून घ्यावी अशी. आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं, ओल्या बोळ्यांसारखी. मी ओरडलेच. उस्मानचाचा कात्री घेऊन धावत आले. भाऊ हसत होते. दीड वर्षांत मी त्या माणसाचे दात पहिल्यांदा बघितले.

"मोठ्ठा काढा," ते म्हणाले. "भिंतीवर लावायचा असतो तेवढा." मी बारा बाय अठराचा काढला. त्यांनी तो पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात गुंडाळून घातला, दोन्ही बाजूंनी बूच लावले. रविवारी देवळात गावाची बैठक होती, काठ्याच्या दुरुस्तीची. तिथं सगळ्यांसमोर दाखवायचा. "आनि तुमी या," ते म्हणाले. "हल्ली मोबाइलमधी कायपन बनवतात. वाघावर बसलेला मानूस पन बनवतात. फोटो खरा हाय हे सांगायला बाहेरचं कोनतरी पायजे." मी म्हटलं, येते. मला त्यांच्यापेक्षा जास्त उत्साह! पांडू म्हात्रेचं तोंड कसं होतं ते बघायला मी सोन्याचे कानातले घालून गेले.

वडखळच्या नाक्यावर भाऊ गाडी घेऊन उभे होते. देवळाच्या मंडपात माणसं सतरंजीवर, बायका एका बाजूला. काठ्याची त्यांची पद्धत मला तिथं कळली. घरटी एक माणूस, आणि सबंध काठ्याचे भाग पाडलेले. ज्याचा भाग त्यानंच बघायचा, बुजवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पाणी शिरलं तर जाब त्याला. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भात हातचा जातो, तेव्हा कुणी हयगय करत नाही.

बोलणं सुरू झालं आणि पहिलाच विषय उघाडीचा निघाला. तो भाग पांडू म्हात्रेचा. मागच्या उधाणाला तिथून पाणी झिरपलं होतं. पांडू उभा राहिला. "भोक हाय तिथं. खेकड्याचं नाय, उंदराचं नाय. अख्खा हात जातो. कायतरी मोठं जनावर राहतंय आत. उद्या सकाळीच धूर करतो, तोंडाशी फास लावतो आनि माती ठोकून मोकळा व्हतो."

"भाऊची मांजर असंल!" कुणीतरी म्हणालं आणि सगळा मंडप हसला.

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी पाइपाचं बूच अर्धं काढलं होतं.

तेव्हा पुढं बसलेले एक म्हातारे हात वर करून भाऊंना म्हणाले, "हसू नका रं. काशिनाथ, तू शाना मानूस हायस. खरंच बगितलास, तर आज सांग. आज गाव ऐकतंय. मांजर असंल तर धुरानं भागायचं नाय, काठा खनून बाहेर काढावी लागंल."

ज्या क्षणासाठी या माणसानं दीड वर्ष माझं डोकं खाल्लं, तो हा होता. सगळं गाव त्याच्याकडे तोंड करून बसलं होतं आणि कुणीही हसत नव्हतं. भाऊ उठले. अंगठ्यानं त्यांनी पाइपाचं बूच परत आत दाबलं.

"नाय," ते म्हणाले. "कुत्रा व्हता. ओला कुत्रा."

असा हशा पिकला की देवळातली कबुतरं उडाली. पांडू टाळ्या वाजवत होता. "मग ह्या पाइपात काय? आनि ह्या कॅमेरेवाल्या ताईंना कशाला आनलंव रोह्यावरनं? ओ ताई, तुमी सांगा, तुमीच कॅमेरा दिला ना? काय हाय फोटोत?"

देवाशपथ सांगते, माझ्या जिभेच्या टोकावर होतं सगळं. मी गप्प बसणारी बाई नाही. त्या पांडूच्या तोंडावर तो फोटो उघडून फेकावा असं हाताला होत होतं. पण भाऊ माझ्याकडे बघत होते. मी आतापर्यंत एकदाही त्यांच्या डोळ्यांत माझ्यावरचा विश्वास बघितला नव्हता. तेव्हाही नव्हता. नुसती भीती होती, की ही आता बोलणार.

"कुत्राच आहे," मी म्हटलं. "आणि पाइपात माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो आहे. आणा इकडे तो, भाऊ." आणि त्यांच्या हातातून तो पाइप घेऊन मी मांडीवर ठेवला. आणि तोंड देवाकडे वळवलं.

हशा ओसरल्यावर भाऊ म्हणाले, "पांडू, तुझा उघाडीचा भाग मना दे. माझा सपाटीचा तू घे."

पांडूचं हसणं थांबलं. "का? काय हाय त्यात?"

"रिटायर व्हतोय. दिसभर घरात बसून काय करू? आनि तू धूर करशील, उघाडीचं लाकूड जाळशील. तुझ्या कामाचा मना भरवसा नाय."

हे बोलणं घरतभाऊंना शोभणारं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. पांडूला तर लॉटरी लागली, गावातला सगळ्यात वाईट भाग त्यानं देऊन सपाटीचा घेतला. म्हाताऱ्यांनी तेवढं विचारलं, "पानी आलं तर?" भाऊ म्हणाले, "माझ्यावर."

परत जाताना वडखळच्या नाक्यावर उतरल्यावर मला राहवेना. "का केलंत हो असं? तुमचं शेत नाही का त्या काठ्यामागं?"

"आतल्या बाजूनं माती भरतो. खाडीकडलं तोंड मोकळं ठेवायचं. पिल्लं मोठी झाली का आपसूक जातील. तोवर दर उधाणाला बसून राहीन तिथं."

"आणि तुमचं नाव?"

"नाव..." म्हणाले, आणि गाडीला किक मारली.

नंतरचं आधी सांगून टाकते. घरतभाऊ त्या महिन्याअखेर रिटायर झाले आणि रोह्याला येणं संपलं. त्यांच्या गावाकडचा एक जण मध्यंतरी पासपोर्ट फोटोला आला होता, त्याच्याकडून कळलं. उघाडीपाशी पाणी शिरलं नाही. भाऊ दिवसच्या दिवस तिथं माती थापत असतात, कुणाला जवळ फिरकू देत नाहीत. आणि गावातली पोरं त्यांना बघितलं की भुंकतात. तो हे हसत हसत सांगत होता. मी त्याचा फोटो दोनदा बिघडवला, तिसऱ्यांदा नीट काढून दिला.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते बैठकीच्या दुसऱ्या दिवशी. शिफ्ट सुटल्यावर आले, बसलेसुद्धा नाहीत. माझ्या कॉम्प्युटरमधला फोटो पुसायला लावला. मी एका ठिकाणचा पुसला तर म्हणाले, "दुसरीकडं ठेवलाय तो पन." ठेवला होता. तोही पुसला. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांनी माझ्यासमोर मोकळं केलं. मग पाइपातला मोठा फोटो बाहेर काढून काउंटरवर पसरला. मी म्हटलं, निदान हा राहू द्या, मी कुलपात ठेवते, शपथ घेते. त्यांनी मान हलवली आणि आधी उभा, मग आडवा, असा त्याचे चार तुकडे केले. मी कचऱ्याची टोपली पुढं केली, पण तुकडे त्यांनी शर्टाच्या आत घातले आणि निघाले.

मी काचेतून बघत राहिले. रस्त्यापलीकडे बदामाच्या झाडाखाली त्यांची गाडी उभी होती. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, शर्टातून ते चार तुकडे काढले आणि गाडीच्या सीटवर एकाला एक लावून जुळवले. वाऱ्यानं कोपरा उडायला लागला तसा तो अंगठ्यानं दाबून धरला. वाकून किती वेळ बघत होते कोण जाणे. मग कंपनीतलं कुणीतरी ओळखीचं गाडी थांबवून त्यांच्याकडे आलं. भाऊंनी दोन्ही हात पसरून सीटवर ठेवले आणि त्याच्याशी हसून बोलत राहिले.